नायट्रायडिंगनंतर ईएन २४ मऊ का पडतं, आणि स्वतःचं अलॉय स्टील ओतायचं तर काय बघावं

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गरम फोर्जिंगसाठी लागणारे पंच आणि मँड्रेल बनतात. मटेरियल ईएन २४, म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं अलॉय स्टील. तापवून तेलात हार्डन केलं आणि मग २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून टेंपर केलं की ५२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) मिळतात. मग जॉब ५२० अंशाला वीस तास गॅस नायट्रायडिंगला जातो, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन शिरवून कातडी कडक करायला. परत येतो तेव्हा वरची कातडी कडक असते, पण गाभा ३६-३७ वर आलेला असतो. प्रेसवर लावला की पंच दबतो, मान वाकते. हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो, "कार्बन कमी पडतोय, ०.५० टक्के करा." ओळखीतला एक इंडक्शन फर्नेसवाला अर्ध्या टनाची हीट (भट्टीची एक खेप) ओतून द्यायला तयार आहे. तर गाभ्यात ४८ ते ५० एचआरसी, म्हणजे साधारण १६०० ते १७०० मेगापास्कल ताकद शेवटपर्यंत राहील असं स्वतःचं स्टील बनवता येईल का? आणि त्यात काय घालावं?

बनवता येईल. पण कार्बन वाढवून नाही. आणि हीट ओतण्याआधी बाजारात मिळणाऱ्या एका बारवर हे सगळं तपासून घेता येतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी कार्बनचं बघू, कारण सातपूर-अंबडच्या निम्म्या भट्ट्यांवर हाच सल्ला मिळतो. क्वेंच, म्हणजे एकदम थंड, केल्या केल्या जो ताजा मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) तयार होतो, त्याचा कडकपणा जवळजवळ पूर्णपणे कार्बनवर ठरतो. ०.२० टक्के कार्बनला ४४-४५ एचआरसी, ०.४० ला ५६-५७, ०.६० ला ६४ च्या आसपास, आणि त्यापुढे कार्बन कितीही वाढवा, आकडा फारसा हलत नाही. क्रोम, निकेल, मॉलिब्डेनम यांनी हा आकडा वाढत नाही. त्यांचं इथलं काम वेगळं: जाड जॉबचा गाभा हळू थंड होत असतानाही तिथे मार्टेन्साइट तयार व्हावं, पर्लाइट ही मऊ रचना होऊ नये, यासाठी ते वेळ मिळवून देतात. यालाच हार्डनेबिलिटी म्हणतात. ती मोजायची जॉमिनी चाचणी १९३० च्या दशकापासून तशीच चालत आली आहे. २५ मिमी व्यासाचा, १०० मिमी लांबीचा तुकडा तापवून त्याच्या फक्त एका टोकावर पाण्याची धार सोडायची आणि टोकापासून आत आत कडकपणा मोजत जायचं. ईएन ८ चा, म्हणजे साध्या कार्बन स्टीलचा, आलेख पहिल्या काही मिलिमीटरांतच कोसळतो. ईएन २४ चा जवळजवळ सपाट राहतो. म्हणून तुमचा ८० मिमीचा पंच तेलात टाकल्यावर आतपर्यंत कडक होतो. तिथे तुमची काहीच अडचण नाही.

अडचण सुरू होते ती टेंपरिंगला. मार्टेन्साइटमध्ये कार्बन जबरदस्तीने कोंडलेला असतो. जॉब तापवला की तो बाहेर पडू लागतो. १०० ते २०० अंशांच्या दरम्यान अतिशय बारीक संक्रमण-कार्बाइड तयार होतात आणि कडकपणा थोडाच उतरतो. २०० ते ३०० च्या दरम्यान उरलेलं ऑस्टेनाइट, म्हणजे क्वेंचमध्ये न बदललेली तापलेल्या स्टीलची रचना, मोडतं. २५० च्या पुढे सिमेंटाइट, म्हणजे लोखंडाचं कार्बाइड, तयार होतं आणि तापमान वाढेल तसे त्याचे कण जाड होत जातात. कण जाड झाले, त्यांच्यातलं अंतर वाढलं की ताकद गेली. कार्बनचा अणू लहान असतो, लोखंडाच्या जाळीतून तो सहज सरकतो, म्हणून हे सगळं कमी तापमानाला होऊन जातं. ईएन २४ चा अंदाजे हिशोब असा: २०० अंशाला ५२-५३, ४२५ ला ४३ च्या आसपास, ५४० ला ३७-३८, ६५० ला ३० च्या जवळ. ०.४० ऐवजी ०.५० कार्बन केलात तर ५५० च्या पुढे फार तर एक-दोन आकड्यांचा फरक पडेल. बदल्यात मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान चाळीसएक अंशांनी खाली जाईल आणि क्वेंचिंगला तडे जायला लागतील. ३७ चे ३८ झाले म्हणून तुमचा पंच वाकायचा थांबणार नाही.

शिवाय २०० अंशाचं टेंपरिंग करून जॉब ५२० ला पाठवण्यात काही अर्थच नाही. त्या ५२ एचआरसीचा उपयोग कोणाला? ते स्टील पुढे कुठल्या तापमानाला किती वेळ राहिलं, त्यावर त्याचा शेवटचा कडकपणा ठरतो. आणि इथे 'किती वेळ' हा भाग बहुतेक लोक विसरतात.

१९४५ साली हॉलोमन आणि जाफ यांनी टेंपरिंगसाठी तापमान आणि वेळ एकत्र बांधणारं एक सूत्र दिलं. केल्विनमधलं तापमान गुणिले, २० अधिक तासांचा (१० पायाचा) लॉगॅरिदम. स्टीलप्रमाणे तो २० चा आकडा थोडा बदलतो, पण शॉपफ्लोअरच्या कामाला २० चालतो. तुमचा जॉब घ्या. ५२० अंश म्हणजे ७९३ केल्विन. वीस तासांचा लॉग १.३. गुणाकार येतो साधारण १६,९००. आता हाच आकडा दोन तासांच्या टेंपरिंगमध्ये कुठल्या तापमानाला मिळेल? उत्तर येतं जवळपास ५६० अंश. म्हणजे तुमचं ५२० चं नायट्रायडिंग हे गाभ्याच्या दृष्टीने ५६० अंशाला दोन तास टेंपर केल्यासारखं आहे. ईएन २४ ५६० ला टेंपर करा, ३६-३७ च मिळतील. हीट ट्रीटमेंटवाल्याची चूक नाही, मटेरियल बोगस नाही. जे व्हायला हवं तेच झालं. चाळीस तासांचं सायकल असेल तर हिशोब ५७० च्या पुढे जातो. कोणी ४८० अंशाला प्लाझ्मा नायट्रायडिंग सुचवलं तर वीस तासांना तो आकडा ५१५-५२० च्या टेंपरिंगइतका येतो, म्हणजे ईएन २४ ला फार तर दोन-तीन एचआरसी जास्त. ५० नाही.

हा हिशोब करायला कॅल्क्युलेटर पुरतो, तरी तो मी फार थोड्या प्रोसेस शीटवर पाहिला आहे.

आता कडकपणा टिकण्याकडे येऊ. ५०० च्या पुढेही स्टील कडक राहावं असं वाटत असेल तर कार्बनला असा जोडीदार द्यावा लागतो की जो हळू चालतो. मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, टंगस्टन आणि काही प्रमाणात क्रोम. हे मोठे अणू. लोखंडाच्या जाळीत लोखंडाच्याच जागी बसलेले. त्यांना सरकायला ५०० अंशांच्या आसपास पोचावं लागतं. तिथे पोचलं की ते कार्बनशी जोडी जमवून स्वतःची कार्बाइड तयार करतात. ही इतकी बारीक असतात की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाहीत. सिमेंटाइट विरघळत जातं आणि त्याच्या जागी ही बारीक कार्बाइड येतात, त्यामुळे उतरत चाललेला कडकपणा थांबतो, कधी कधी पुन्हा वर चढतो. टेंपरिंगच्या आलेखात ५०० ते ५५० च्या आसपास जो उंचवटा दिसतो तो हाच. त्याला सेकंडरी हार्डनिंग म्हणतात. एच १३, एच ११, एम २ ही सगळी टूल स्टील्स या उंचवट्यावर उभी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग ईएन २४ मध्येच थोडी मॉली आणि व्हॅनेडियम टाकू या. इथेच बहुतेक घरगुती ग्रेड फसतात. व्हॅनेडियमचं कार्बाइड ८५० अंशाला विरघळत नाही. तुम्ही ०.५० टक्के व्हॅनेडियम टाकलं आणि ईएन २४ सारखंच ८४० ला तापवून तेलात टाकलं, तर त्यातलं बरंचसं व्हॅनेडियम आधीच जाड कार्बाइडमध्ये अडकून राहतं. ते ग्रेन (स्टीलचे स्फटिक-कण) बारीक ठेवतं, तेवढा फायदा. पण टेंपरिंगच्या वेळी नवीन बारीक कार्बाइड बनवायला मोकळं व्हॅनेडियम उरत नाही. उलट ते कार्बन खाऊन बसतं. वजनाच्या हिशोबाने एक टक्का व्हॅनेडियम जवळपास ०.२ टक्के कार्बन बांधून ठेवू शकतं. म्हणजे ०.४० कार्बनच्या स्टीलमध्ये ०.५० टक्के न विरघळलेलं व्हॅनेडियम असेल तर मार्टेन्साइटला प्रत्यक्ष ०.३० च मिळतो. महाग फेरोव्हॅनेडियम टाकून क्वेंचनंतरचा कडकपणा उलटा कमी आला, अशी तक्रार घेऊन लोक येतात, ती याच कारणाने. एच १३ ला १०१० ते १०४० अंश लागतात ते त्यासाठीच. एम २ तर १२०० च्या आसपास नेतात.

ही गोष्ट माहीत व्हायला पोलादाच्या इतिहासात तीसेक वर्षं लागली. १८६८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मुशेटने टंगस्टन घातलेलं, नुसत्या हवेत कडक होणारं टूल स्टील आणलं. ते चांगलं चालायचं, पण सगळे जण ते जुन्या सवयीने मध्यम तापमानालाच तापवत होते. १९०० च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मौन्सेल व्हाइट यांनी असंच स्टील वितळण्याच्या जवळ नेऊन पाहिलं, आणि टूल लालबुंद होऊनही कापत राहिलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा लोक चकित झाले. घटकांइतकाच त्यांना विरघळवण्याचाही वाटा होता. म्हणून ग्रेड ठरवताना पहिला प्रश्न भट्टीचा: तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे १०३० अंश, तेही डिकार्ब न होता, म्हणजे पृष्ठभागाचा कार्बन न उडता, धरणारी भट्टी आहे का? व्हॅक्यूम भट्टी असेल तर उत्तम. नाशिकमध्ये व्हॅक्यूम हार्डनिंग जॉबवर्कला मिळतं. साध्या मफल भट्टीत उघडं ठेवून १०३० ला नेलं तर वरचा थर कार्बन गमावेल आणि तुम्ही पुन्हा "हार्डनेस आला नाही" म्हणत बसाल. अशा वेळी अर्धा मिलिमीटर ग्राइंड करून पुन्हा मोजा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सिलिकॉनबद्दलही लोक विचारतात, कारण विमानांच्या लँडिंग गिअरला वापरतात त्या ३००एम मध्ये ते भरपूर असतं. ३००एम म्हणजे ढोबळमानाने ४३४०, म्हणजे आपल्या ईएन २४ चाच अमेरिकी भाऊ, अधिक १.६ टक्के सिलिकॉन आणि थोडं व्हॅनेडियम. सिलिकॉन सिमेंटाइटमध्ये मावत नाही, म्हणून सिमेंटाइट तयार व्हायलाच ते उशीर लावतं. त्यामुळे ३०० अंशाला टेंपर करूनही १९०० मेगापास्कलच्या वर ताकद राहते आणि त्या पट्ट्यातला ठिसूळपणाही टळतो. रशियन विमानांच्या परंपरेतली क्रोम-मँगनीज-सिलिकॉन-निकेल स्टील्स याच विचाराने बनलेली आहेत. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यामुळे नाशिकच्या जुन्या मशिनिस्टांना ती नवी नाहीत. पण सिलिकॉनचा हा फायदा ३००-४०० अंशांपर्यंतचा. ५२० ला वीस तास ठेवणार असाल तर सिलिकॉन तुम्हाला वाचवत नाही, आणि डिकार्बची भीती मात्र वाढवतं.

मॅरेजिंग स्टीलचंही एका वाक्यात सांगतो, कारण ते विचारलं जाणारच. १८ टक्के निकेल, आठच्या आसपास कोबाल्ट, पाचच्या आसपास मॉली, कार्बन जवळजवळ शून्य. ३० एचआरसीला आरामात मशीनिंग करायचं आणि ४८० ला एजिंग केलं की ५० च्या वर, तेही फारसं वाकडंतिकडं न होता. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग याच स्टीलची. हैदराबादची सरकारी कंपनी मिधानी ते बनवते. पण ५२० ला वीस तास म्हणजे ते ओव्हरएज होऊ लागतं, म्हणजे मऊ पडू लागतं, शिवाय कोबाल्टची किंमत. फोर्जिंग पंचाला हे सोडून द्या.

तुमच्या कामाला लागणारं स्टील कुठल्या कुळातलं आहे ते आता उघड आहे. पाच टक्के क्रोम, सव्वा ते दीड टक्का मॉली, एक टक्क्याच्या आसपास व्हॅनेडियम, ०.३८-०.४० कार्बन, म्हणजे एच १३. व्हॅनेडियम अर्ध्यावर आणलं की एच ११. हे एच ११ एके काळी विमानाच्या भागांनाही वापरत, कारण ५४० च्या वर टेंपर करूनही १९०० मेगापास्कल देतं. एच १३ ला १०२५ ला तापवून, दोनदा टेंपर करून ५९५-६०० वर थांबवलं तर ४८ च्या आसपास राहतं. ५२० चं वीस तासांचं नायट्रायडिंग हे ५६० च्या टेंपरिंगइतकं, म्हणजे आधीच्या ६०० पेक्षा कमी. त्यामुळे गाभा जिथे होता तिथेच राहतो. नियम म्हणून शेवटचं टेंपरिंग नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा किमान तीसएक अंश वर ठेवावं. इथे तर ऐंशीचं अंतर आहे.

दुसरं टेंपरिंग का, हेही सांगतो, कारण "एकदा केलं ना, बस" असं ऐकू येतं. १०२५ वरून थंड झाल्यावर या स्टीलमध्ये थोडं ऑस्टेनाइट उरतं. पहिल्या टेंपरिंगमधून थंड होताना त्याचं ताजं, टेंपर न झालेलं, काचेसारखं मार्टेन्साइट होतं. ते मऊ करायला दुसरा फेरा लागतो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जॉब खरोखर हाताला सोसेल इतका थंड व्हावा लागतो. संध्याकाळची शिफ्ट संपत आली म्हणून १५० वरूनच पुन्हा भट्टीत ढकलला तर दुसऱ्या फेऱ्याचा उपयोग निम्माच.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण नायट्रायडिंग हे तुमच्या पंचाच्या आयुष्यातलं सर्वांत जास्त तापमान नाहीच. ११५०-१२०० अंशांचा बिलेट त्याला घासतो. कातडी ६०० च्या वर जाते, मग पाण्याचा फवारा. ईएन २४ नायट्रायडिंगशिवायही तिथे हळूहळू मऊ पडलं असतं. म्हणून मी पंचाच्या कामाला एच १३ ने सुरुवात करायला सांगतो. आणि पंच लावण्याआधी २०० अंशांपर्यंत तापवून घ्यायलाही सांगतो. थंड एच १३ वर पहिला घाव पडला तर तो फुटू शकतो, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा निफाडला पारा पाचच्या खाली येतो आणि पहाटेच्या शिफ्टला शेडमधलं लोखंड हातात धरवत नाही. तेच दिवस क्वेंच ऑइलचेही. थंड तेल घट्ट असतं, वाफेची चादर लवकर फुटत नाही, पहिल्या चार्जचा हार्डनेस कमी येतो. तेल ५०-६० अंशांवर आणून मगच पहिला चार्ज टाका. एच १३ ला तेलाची फारशी गरज नाही, पण तुमचं बाकीचं ईएन १९, ईएन २४ चं काम त्याच टाकीत होतं.

तर पहिलं पाऊल: चांगल्या गिरणीचा, टेस्ट सर्टिफिकेट असलेला एच १३ चा एक बार घ्या आणि त्याचेच दोन-चार पंच चालवून बघा. नायट्रायडिंगची केस (कडक थर) पातळ ठेवा, ०.१ ते ०.२ मिमी पुरे. क्रोम जास्त असल्यामुळे नायट्रोजन आत जायला जास्त वेळ घेतो, म्हणून ईएन २४ ची केस डेप्थ इथे मागू नका. पृष्ठभागावर १००० एचव्हीच्या (विकर्स कडकपणा) आसपास मिळेल. वरचा पांढरा थर जाड झाला तर घाव बसणाऱ्या जॉबवर तो कपच्या उडवतो.

त्यावर पंच टिकला तर तुमचा प्रश्न सुटला, हीट ओतायची गरज नाही. पण तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हाला स्वतःचं ग्रेड हवंच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त शोधायचं असेल तर जिथे जागा आहे तिथे शोधा. एच १३ मध्ये क्रोम पाच टक्के आहे, तो हवेत कडक होण्यासाठी. पण ६०० च्या पुढे क्रोमची कार्बाइड लवकर जाड होतात आणि मॉली-व्हॅनेडियमच्या बारीक कार्बाइडच्या वाट्याचा कार्बन ओढून घेतात. म्हणून तीन टक्के क्रोम, अडीच-तीन टक्के मॉली, अर्धा टक्का व्हॅनेडियम असं एच १० चं कूळ जास्त तापमानाला मऊ पडायला जास्त वेळ घेतं. जर्मनीत १.२३६७ नावाचं पाच टक्के क्रोम, तीन टक्के मॉलीचं ग्रेड आहे. हल्लीची चांगली डाय स्टील्स सिलिकॉन एकवरून ०.२-०.३ वर आणतात आणि मॉली दोनच्या वर नेतात. सिलिकॉन कमी केल्याने चिवटपणा वाढतो, मॉलीने टिकाऊपणा. मी सुरुवात अशी करीन: कार्बन ०.३६ ते ०.३८, सिलिकॉन ०.३, मँगनीज ०.५, क्रोम ४ ते ४.५, मॉली २.३ ते २.५, व्हॅनेडियम ०.५ ते ०.६. निकेल घालू नका. ईएन २४ मध्ये ते हार्डनेबिलिटी आणि चिवटपणासाठी आहे. इथे क्रोम आणि मॉली हार्डनेबिलिटीचं काम करतात, आणि निकेल ऑस्टेनाइट जास्त उरवतं, ॲनिलिंगही अवघड करतं.

कार्बन कमी का, असं वाटेल. सेकंडरी हार्डनिंगला लागेल तेवढाच कार्बन हवा, जास्तीचा मोठी कार्बाइड बनवतो आणि तिथून तडा सुरू होतो. इस्रोच्या मोटर केसिंगला वापरलेलं १५सीडीव्ही६ बघा: कार्बन फक्त ०.१५, सव्वा टक्का क्रोम, ०.९ मॉली, पाव टक्का व्हॅनेडियम, आणि ६४० च्या आसपास टेंपर करूनही १००० मेगापास्कलच्या घरात. इतक्या कमी कार्बनचं साधं स्टील त्या तापमानाला याच्या जवळपासही उभं राहत नाही.

आता अर्ध्या टनाच्या इंडक्शन हीटबद्दल. इथे मी तुमचा उत्साह थोडा कमी करणार आहे. साध्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस आणि सल्फर निघत नाहीत. जे स्क्रॅपमध्ये आलं ते बारमध्ये गेलं. बांधकामाचे तुकडे, पत्र्याची कतरण, त्यात कथिल, तांबं. पंचाला ४८ एचआरसीला चिवट राहायचं असेल तर फॉस्फरस ०.०१५ च्या खाली आणि सल्फर ०.००५ च्या आसपास हवा, आणि ते फक्त स्वच्छ, ओळखीच्या चार्जमधूनच येतं. फॉस्फरस, कथिल, अँटिमनी हे ग्रेनच्या सीमांवर जाऊन बसतात. ३७५ ते ५७५ च्या पट्ट्यात जॉब जास्त वेळ राहिला किंवा तिथून हळू थंड झाला की स्टील ठिसूळ होतं, हार्डनेस मात्र तोच दाखवतं. नायट्रायडिंगचे वीस तास नेमके याच पट्ट्यात जातात. मॉली याला बराच लगाम घालते, पण घाण स्क्रॅपपुढे तिचाही इलाज नसतो. हे रॉकवेलवर दिसत नाही. चार्पी नॉच, म्हणजे खाच पाडलेला तुकडा, घाव घालून तोडून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून फक्त हार्डनेसच्या रिपोर्टवर ग्रेड पास करू नका.

दुसरी गोष्ट हायड्रोजन. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दमट हवा, ओला चुना, गंजलेलं स्क्रॅप, सर्दावलेली फेरोअलॉयची पोती. व्हॅक्यूम डीगॅसिंग नसेल तर त्यातलं पाणी हायड्रोजन बनून थेट स्टीलमध्ये जातं, आणि फोर्जिंगनंतर चार दिवसांनी बारच्या आत केसासारखे तडे सापडतात. पहिली हीट पावसाळ्यात ओतू नका. फेरोअलॉय तापवून वाळवून घ्या. फेरोमॉली चार्जबरोबर गेली तरी चालते, ती जळत नाही. फेरोव्हॅनेडियम मात्र शेवटी, ॲल्युमिनियमने डीऑक्सिडाइझ केल्यावर. आणि स्पेक्ट्रोचा (घटक मोजणाऱ्या यंत्राचा) नमुना ओतण्याच्या आधी आणि इंगटमधून, म्हणजे ओतलेल्या ठोकळ्यातून, दोन्हीकडून घ्या.

फोर्जिंग ११०० च्या आसपास सुरू करा, ९०० च्या खाली हातोडा मारू नका, आकार किमान एकास चार कमी होऊ द्या. मग जॉब शेडच्या फरशीवर टाकू नका. हे स्टील हवेतच कडक होतं. फरशीवर टाकलेला बार रात्रीतून तडकतो आणि सकाळी कोणीतरी मेल्टिंगवाल्याला शिव्या घालतो. गरम असतानाच भट्टीत घाला, ८५०-८७० वर धरा, तासाला वीस अंशांपेक्षा वेगाने न उतरवता ६०० पर्यंत आणा. मशीनिंगला कडकपणा २३० ब्रिनेलच्या आत हवा.

चाचण्यांचं म्हणाल तर मोठा खर्च नाही. २५ मिमीचे तुकडे कापा. एक तृतीयांश १०००, एक तृतीयांश १०२५, एक तृतीयांश १०५० अंशाला हार्डन करा. प्रत्येक गटातले तुकडे ५००, ५४०, ५७०, ६०० आणि ६३० ला दोन-दोन तासांचे दोन फेरे देऊन टेंपर करा. हार्डनेसचा आलेख वरच्या हॉलोमन-जाफच्या आकड्याविरुद्ध काढा. तिन्ही रेषा कुठे वेगळ्या होतात ते बघा. १०५० ची रेषा १०२५ च्या वर ठळकपणे राहत असेल तर तुमचं व्हॅनेडियम १०२५ ला पूर्ण विरघळत नाहीये. पण १०५० ला ग्रेन वाढला असेल तर तो फायदा घेऊ नका. एएसटीएमच्या ग्रेन-क्रमांक ७ पेक्षा जाड ग्रेन दिसला की थांबा. मग काही तुकडे प्रत्यक्ष तुमच्याच नायट्रायडिंगवाल्याच्या चार्जमध्ये ठेवा, बाहेर काढून गाभा मोजा. आलेखाने सांगितलेला आकडा आणि हा आकडा एका एचआरसीच्या आत जुळला तर तुमच्याकडे भरवशाचं ग्रेड आहे. नाही जुळला तर नायट्रायडिंगच्या भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आधी तपासा. मी ५२० म्हणून सांगितलेल्या भट्ट्यांत ५५० पाहिले आहेत. तीस अंशांचा फरक वीस तासांना ईएन २४ च्या गाभ्यात दोन-तीन एचआरसी खाऊन जातो.

पुण्याच्या सीओईपीच्या मेटलर्जी विभागात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये चार्पी, ग्रेन साइज, इन्क्लूजन (आत अडकलेले अशुद्ध कण) रेटिंग करून मिळतं. इन्क्लूजनचा रिपोर्ट मागाच. ३० एचआरसीच्या शाफ्टला जो ऑक्साइडचा ठिपका काही करत नाही, तोच ५० एचआरसीच्या पंचाला मधोमध चिरतो.

तयार झालेल्या पंचांवर कोणी हार्ड क्रोम करायचं सुचवलं, तर ४० एचआरसीच्या वर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९०-२२० अंशांचं बेकिंग लागतं, नाहीतर हायड्रोजनने जॉब नुसता ठेवल्या जागी तडकतो. प्लेटिंगवाला "सकाळी टाकतो" म्हणाला तर जॉब देऊ नका. ग्राइंडिंगलाही तेच: चाक बोथट असेल तर कातडी ७००-८०० अंशांना जाऊन पुन्हा मऊ पडते, खाली तडे येतात. नायटॉल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावून बघितलं की करपलेला भाग काळा दिसतो.

आणि पंच वाकतो म्हणालात, त्या मानेचा रेडियस किती आहे ते कळवा. ड्रॉइंगमध्ये तिथे तीक्ष्ण कोपरा असेल तर आधी तो बदला. एच १३ आलं तरी त्या कोपऱ्यातून तडा जाईलच.